तेलाच्या दाबाचा काटा

छापखान्यात सगळे त्याला कानसेन म्हणत. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं; पण छपाईयंत्र चालू असलं की चहाचा घोट घेता घेता तो मान वर करायचा आणि म्हणायचा, मागच्या रुळाला वंगण कमी पडतंय. बघावं तर खरंच कमी असायचं. त्याच यंत्रांनी पुढे त्याचे कान खाल्ले. निवृत्त झाला तेव्हा उजवा कान गेल्यातच जमा होता आणि डावा त्याच वाटेवर होता. मुलीने कानात घालायचं यंत्र आणून दिलं. घरात ते बरं चाले, पण हेल्मेट घातलं की नुसत्या शिट्ट्या. म्हणून गाडीवर बसताना तो ते काढून खिशात टाकी.

गाडी म्हणजे त्याची जुनी मोटारसायकल. एका सिलिंडरची, काळ्या टाकीची, म्हशीसारखी जड. लग्नाच्या आधी घेतलेली. बायको माहेराहून सासरी आली ती हिच्यावर बसून, आणि मुलगी दवाखान्यातून घरी आली तीही हिच्यावरूनच, शालीत गुंडाळून. त्या दिवसांत गाडीचं सगळं दुखणंखुपणं त्याला कानानेच कळायचं. थंड इंजिनाचा घोगरा आवाज, मग तापल्यावरचा संथ, गोल ठोका. तेल उतरलं की त्या ठोक्याच्या आत बारीक, कोरडी टकटक सुरू व्हायची, डब्यात खडा हलावा तशी. ती ऐकली की तो असेल तिथे थांबायचा.

गेल्या हिवाळ्यात तीच टकटक झाली आणि त्याला सोडून सगळ्या रस्त्याला ऐकू आली. दोघं त्याच्या धाकट्या बहिणीकडे निघाली होती. तेलाची नळी सैल होऊन वाटभर तेल गळत होतं. चढावर बायकोने त्याच्या पाठीवर थापा मारल्या. त्याला वाटलं, उशीर होतोय म्हणतेय, म्हणून त्याने गाडी आणखी पिळली. चढ संपायच्या आत इंजिन आवळून जाम झालं, मागचं चाक फरफटलं आणि गाडी कडेच्या गवतात जाऊन उभी राहिली. नशिबाने कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

त्याने विचारलं, "कधीपासून वाजत होतं?"

बायकोने हाताने मागचा रस्ता दाखवला. पार खालच्या पुलापर्यंतचा.

इंजिन लेथवाल्याने उघडलं. तो छापखान्यातलाच जुना सोबती. आता घराच्या पुढच्या खोलीत लेथ टाकून बसला होता. नवा पिस्टन बसला, पण कानसेनचं मन काही ताळ्यावर येईना. गाडी विकून टाकतो म्हणाला. मुलीलाही ते पटलं. बायकोने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. ती थेट लेथवाल्याकडे गेली आणि कानाचं काम डोळ्यांनी करता येईल असं काही मिळतं का, ते विचारून आली.

मिळत होतं. तेलाचा दाब दाखवणारं मीटर. तळहातात मावेल एवढी तबकडी. इंजिनातलं तेल बारीक तांब्याच्या नळीने तिच्यापर्यंत यायचं आणि दाब आहे की नाही ते काटा सांगायचा.

"आपल्या गाडीला हे कधी नव्हतं," कानसेन कुरकुरला.

"तेव्हा तुझे कान होते," लेथवाला म्हणाला. ओठ दिसावेत म्हणून तो बरोबर समोर उभा होता.

इंजिनाच्या कुशीत, तेलाच्या वाटेवर एक बूच होतं. त्या जागी नळीचं टोक बसवायचं होतं. पण बुचाचे आटे जुन्या मापाचे, बाजारातला एकही जोड लागेना. शेवटी लेथवाल्याने पितळेच्या सळईतून नवा कातला. नळी टाकीखालून वर नेताना कानसेनने तिला एक वेटोळं दिलं. हादऱ्याने सरळ नळी तडकते, हे त्याला छापखान्यात कळलं होतं. कितीतरी दिवसांनी तो असा फरशीवर फतकल मारून बसला होता, कोपरापर्यंत काळा. तेलाच्या वासाने त्याला छापखान्यातली सकाळ आठवली, शाईचे डबे आणि पहिला गरम कागद. लेथवाल्यालाही तेच आठवलं असावं, कारण मध्येच तो छापखान्याच्या मालकासारखं कमरेवर हात ठेवून चालून गेला आणि दोघं पोट धरून हसले.

पहिल्या किकला जोडातून तेल उडालं आणि कानसेनची पँट भिजली. वायसर बदलून जोड पुन्हा आवळला. दुसऱ्या किकला काटा थरथरला आणि झर्रकन वर चढला. कानसेन त्याच्याकडे बघतच राहिला. इंजिन तापलं की काटा खाली येणारच, तेव्हा घाबरू नकोस, असं लेथवाला शेजारून बजावत होता. पण कानसेनचे डोळे काट्यावर होते, ओठांवर नव्हते. ते सांगणं हवेतच गेलं.

रविवारी दोघं पुन्हा धाकटीकडे निघाली. तो डोळ्यांत तेल घालून काटा बघत होता.

"कानामागून आला आणि तिखट झाला," बायको निघतानाच त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाली होती. "रस्त्याकडेही बघा."

चढ पार झाला. पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं. गाडी नुसती उभी राहिली तसा काटा घसरत पार तळाशी आला. कानसेनने घाईघाईने इंजिन बंद केलं. बायको उतरून पुढे आली. आवाज अगदी चांगला आहे, काही वाजत नाही, असं तिने खुणेने सांगितलं.

"चांगला म्हणजे कसा?" त्याने विचारलं.

ती म्हणाली, "लग्नानंतर आपण तळ्यावर जायचो ना, तेव्हा होता तसा."

त्याने रुळांकडे बघितलं. मग म्हणाला, "तेव्हा तू मागे बसून गायचीस."

ती चपापली. "तुम्हाला ऐकू यायचं? इंजिनाच्या आवाजात?"

"सगळं. दुसऱ्या कडव्यात सूर सोडायचीस तेसुद्धा."

"मग इतक्या वर्षांत बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर गायची थांबली असतीस."

आगगाडी धडधडत निघून गेली. फाटक उघडलं. त्याने किक मारली, काटा वर आला, ती मागे बसली. थोडं अंतर गेल्यावर समोरून येणारा एक सायकलवाला त्यांच्याकडे वळून वळून बघायला लागला आणि हसला. मग दूधवाल्यानेही मान वळवली. तेव्हा कानसेनच्या लक्षात आलं की ती मागे चांगली गळा सोडून गातेय. त्याने वेग थोडा कमी केला.