बघितल्यानं कमी होतो

काकांचं चष्म्यांचं दुकान. आयुष्यभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून त्यांनी घर चालवलं, पण घरात कायदा एकच: क्रेडिट स्कोअर बघायचा नाही. बघितला की कमी होतो. कुणी सांगितलं, विचारलं की "अनुभव आहे" म्हणायचे. न बघता अनुभव कसा आला, हे विचारायची सोय नव्हती.

सध्या कायदा जास्तच कडक होता. आमचं काचा घासायचं मशीन काचांपेक्षा कानच जास्त घासायला लागलं होतं. धंदा बंद करणारा एक ओळखीचा चष्मेवाला आपलं मशीन विकत होता आणि समोरच्या दुकानाचाही त्यावर डोळा होता. ते तिकडे गेलं की मागोमाग गिऱ्हाईकही रस्ता ओलांडणार. आम्हाला कर्ज मिळालं तरच मशीन आमचं.

एका संध्याकाळी काकांनी दारातूनच विचारलं, "कोणी बघितला?"

"काय?" काकू भाजी निवडत होत्या.

"स्कोअर. मागच्या आठवड्यात फायनान्सवाल्यानं सातशे एकसष्ट सांगितला. आज खात्री करायला दुसऱ्याकडे गेलो, तर कमी. घरी कोण असतं दिवसभर?"

"मी. आणि हा."

काकांनी माझ्या डोळ्यांत असं निरखून बघितलं, जणू आकडा बुबुळावर छापून राहिला असेल.

त्या दिवसापासून त्यांचा फोन कपाटात आणि किल्ली त्यांच्या खिशात. मग काका तिसऱ्या फायनान्सवाल्याकडे खात्री करायला गेले. आकडा आणखी खाली. आता संशय काकूंवर.

"तुला माझा नंबर पाठ आहे."

"नवऱ्याचा नंबर पाठ असणं गुन्हा आहे का?"

"मी फक्त विचारतोय."

चौथ्याकडे आणखी खाली, पाचव्याकडे त्याहून. "फोन कुलपात आहे, तरी उतरतोय. चोर घरचाच आहे," काका म्हणाले. आम्ही दोघं जेवताना मोकळा हात ताटाशेजारी ठेवायला लागलो. दिसेल असा.

शेवटी काका बँकेत निघाले. फोन कपाटातून काढून खिशात घातला आणि मलाही सोबत घेतलं, कारण मला नजरेआड होऊ द्यायचं नव्हतं.

कर्जविभागातल्या बाई म्हणाल्या, "आधी तुमच्या फोनवर तुमचा रिपोर्ट उघडा."

"बघितल्यानं कमी होतो."

"आपला आपण बघितला तर काही होत नाही, काका. रोज बघा हवं तर."

काकांनी भिंतीकडे तोंड करून फोनला अंगठा लावला. रिपोर्ट मी उघडला. बाईंनी वाचला.

"महिन्याभरात पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज?"

"अर्ज कुठले? आकडा विचारायला गेलो होतो. सही मागितली, दिली. स्वतः बघायला नको म्हणून."

"ती सही अर्जावरच होती. कर्ज देणारे चौकशी करतात, ती इथे नोंदली जाते. लागोपाठ एवढ्या चौकशा झाल्या की स्कोअर उतरतो."

"काका," मी म्हणालो, "चोर सापडला."

"तू गप्प बस."

बाईंनी काकांपुढचा कोरा अर्ज हळूच मागे ओढला. "आत्ता सही केलीत तर सहावी चौकशी माझी. सहा महिने कुठेही अर्ज करू नका, हप्ते वेळेवर भरा, मग या."

सहा महिने मशीन थांबणार होतं थोडंच. बाहेर येऊन काकांनी त्या चष्मेवाल्याला फोन लावला आणि थांबशील का विचारलं. फोन स्पीकरवर होता.

"समोरचे उद्या येतायत," तो म्हणाला. "तुमचा स्कोअर किती?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि मी फोनवर पुन्हा उघडून दिलेला रिपोर्ट लांब धरून डोळे बारीक केले. एवढं बघणं चालत असावं.

"सातशे... पुढचं तू वाच."

"सातशे एकोणतीस," मी म्हणालो.

पलीकडून तो म्हणाला, "माझा सातशे दोन आहे. माझ्यापेक्षा भरवशाचे आहात. थांबतो. समोरच्यांना कळवतो तसं."

काकांनी आभार मानून फोन ठेवला, चष्मा चढवला. मशीन आमचं होणार होतं, पण कपाळावरची आठी जाईना.

"याला स्वतःचा आकडा कसा माहीत?"

"बघत असेल."

"तरीच," काका म्हणाले. "तरीच इतका कमी."