नखांच्या गोंदाने चिकटवलेलं लायसन्स

अगं, तू आधी खाली बस आणि नुसती ऐक. मधे बोललीस तर मी विसरेन.

आपली मायलीन! तेरा वर्षं झाली, हायलिया शहरात काँक्रीट ओततेय, फरश्या बसवतेय, आणि नाव कुणाचं? ट्रकवर दुसऱ्याचं, टेंडरवर दुसऱ्याचं. कारण लायसन्स नाही. आता उन्हाळ्यात शाळेच्या कॅन्टीनचं टेंडर निघणार, ते तिला स्वतःच्या नावाने भरायचंय. लायसन्सचा नंबर नसेल तर पाकीट उघडतसुद्धा नाहीत. म्हणून परीक्षा. आणि परीक्षेत दोनदा नापास! येत नाही म्हणून नाही हं. पुस्तकं समोर उघडी ठेवूनच लिहायचं असतं, पण पुस्तकं दहा, एकेक विटेएवढं जाड, आणि घड्याळ पळतंय. कठड्याची उंची कुठल्या पानावर हे सापडेपर्यंत पुढचे चार प्रश्न गेले. म्हणून सगळे पानांना खुणेच्या चिठ्ठ्या लावतात. मागच्या वेळी हिनेही लावल्या होत्या, पिवळ्या, लावून परत काढता येणाऱ्या. परीक्षेच्या हॉलच्या दारावरच्या बेनावीदेस साहेबाने नियम दाखवला, निघणारी चिठ्ठी चालत नाही. आणि टराटरा सगळ्या ओढून काढल्या, कोंबडी सोलावी तशी.

तर या वेळी नेरेइदा मावशी म्हणाली, "आण ती पुस्तकं इकडे. बघते कोण काढतो ते."

मावशीचं नखांचं पार्लर आहे ना! तिने खोटी नखं चिकटवायच्या गोंदाने चिठ्ठ्या चिकटवल्या. दोनशे बारा! गिऱ्हाइकं बोटं पसरून बसलेली आणि ही बांधकामाचे कायदे चिकटवतेय. वर लिहिलंही तिच्या मनाने. मायलीन किंचाळलीच.

"मावशी, हे काय? 'रोलांदो पडला तो जिना'?"

"मग काय लिहू? 'कठड्याची किमान उंची'? ते दोनदा वाचलंस ना, शिरलं डोक्यात?"

"आणि 'लग्नात उडालेलं छप्पर'?"

"वादळासाठी छपराला मारतात त्या पट्ट्या. आता विसरून दाखव."

परीक्षेच्या दिवशी दारावर पुन्हा तोच बेनावीदेस. इस्त्रीचा शर्ट, बारीक मिशी.

"परत तुम्ही?"

"परत मी."

त्याने एक चिठ्ठी धरून ओढली. ढिम्म. दोन बोटांनी ओढली. मग अख्खं पुस्तक टेबलावरून वर उचललं गेलं, चिठ्ठीला लटकून! मागची रांग हसायला लागली.

"कशाने चिकटवलंय हे?"

"नखांच्या गोंदाने, साहेब."

मग त्याने चष्मा लावला आणि वाचायला लागला. मिशी हलली जराशी, पण हसला नाही. "हे सगळं सांकेतिक भाषेत दिसतंय. अर्थ सांगा. पटला नाही तर पुस्तक बाहेर राहील." आणि दार बंद व्हायला नऊ मिनिटं!

मायलीन सुटली की! रोलांदो, जिना, कठडा. छप्पर, नवरी, पट्ट्या. मागून एक प्लंबर ओरडला, "ए, तो रोलांदो जिवंत आहे ना?"

"आहे, पण हल्ली फक्त लिफ्टने जातो!"

सगळे खिदळतायत. तेवढ्यात बेनावीदेसचं बोट एका हिरव्या चिठ्ठीवर थांबलं. "'बेडरूममधलं तळं'. हे काय?"

"मागच्या अंगणाचा उतार, साहेब. एका घरी काँक्रीट ओतलं, उतार उलटा दिला गेला. वादळ आलं आणि पाणी थेट बेडरूममध्ये."

"कुठलं घर?"

"गुलाबी. दारात दोन ताडाची झाडं."

त्याने चष्मा काढला. मग एकदम हळू म्हणतो, "बायकोचे लग्नातले सँडल तरंगत होते?"

"हो! तुम्हाला कसं..." आणि हिने जीभ चावली.

"ते घर माझंय," तो म्हणाला. "उतार कुणी दिला होता?"

रांगेतले सगळे माना लांब करून बघतायत. सहा मिनिटं राहिली. काम मावशीच्या नवऱ्याचं होतं, फर्मिनकाकाचं. काका आता लांब किनाऱ्यावर मासे पकडत बसलेला. त्याचं नाव घेतलं की विषय संपला, खोटंही वाटलं नसतं कुणाला. आणि खरं बोलली तर हा माणूस पुस्तकं बाहेर ठेवणार, मग कॅन्टीन गेलं, वर्ष गेलं. पण उतार मापायची दोरी कुणाच्या हातात होती?

"मी दिला," मायलीन म्हणाली. "माझं पहिलंच काम. एकोणीस वर्षांची होते. दोरी माझ्या हातात होती आणि लक्ष शेजारच्या छपरावरच्या पोराकडे."

हिचा हात पुस्तकाकडे गेला, तर त्याने पुस्तकावर पंजाच ठेवला. "न बघता सांगा. उतार किती हवा?"

"फुटाला पाव इंच. घरापासून लांब." मग हिला राहवेना, "लांब, साहेब! लांब, लांब!"

रांग फुटलीच! प्लंबर तर गुडघ्यावर हात मारतोय. बेनावीदेसने कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढे सरकवलं. "जागा अकरा. आत हसायचं नाही."

आत तिसराच प्रश्न कठड्याचा निघाला! बिचारी बाही दातात धरून बसली. पानं मात्र फटाफट सापडली.

पास! पार्किंगमध्ये हिने अशी बोंब ठोकली की मावशीच्या हातातला पेरूच्या पेस्ट्रीचा डबा खाली पडला. दोघी रडतायत, हसतायत, खाली पडलेल्या पेस्ट्र्या उचलून खातायत, आणि समोरून बॅग घेऊन बेनावीदेस.

"आता मी ड्यूटीवर नाही," तो म्हणाला. "तेरा वर्षं बायको दाराला वाळूच्या गोण्या लावतेय. लायसन्स हातात आलं की या, तो उतार नीट करून द्या. पैसे पूर्ण घ्या. फक्त आजूबाजूची छपरं आधी बघून घ्या, कोण चढलंय ते."

आता तू खरं सांग हं. सहा मिनिटं उरलेली, मागे रांग, समोर तो, आणि फर्मिनकाका मासे पकडतोय, त्याला कळणारही नाही. तू असतीस तर कुणाचं नाव घेतलं असतंस?