न ठरलेल्या दौऱ्याची रेघ

सोमवारी पहाटे केशवरावांनी लोखंडी सब्बल उचलली आणि स्वतःच्या दुकानाच्या ओट्याची खालची पायरी फोडून टाकली. चार घाव पुरले. पाचवा त्यांनी उगीच घातला.

असं काही झालेलं नाही. विचारून पाहा. ती पायरी तिथं कधी नव्हतीच, असं केशवराव शांतपणे सांगतील आणि तुम्ही कोण, कुठल्या खात्याचे, हे उलट तुम्हालाच विचारतील. तेव्हा पायरी होती, तिथून सुरुवात केलेली बरी.

पायरी होती तेव्हा ती फुटपाथवर होती. अमरावतीतल्या त्या गल्लीत सात कोचिंग क्लास, टोकाला एक बुद्धविहार आणि मध्ये केशवरावांचं झेरॉक्सचं दुकान. फुटपाथ कागदोपत्री चार फूट होता. त्यावर आधी दुकानांचे ओटे आले, मग ओट्यांच्या पायऱ्या, मग क्लासच्या पोरापोरींच्या गाड्या. माणसं रस्त्यावरून चालत, आणि ऑटो आला की पोट आत घेऊन थांबत. मध्यंतरी सम-विषम तारखांच्या पार्किंगचा बोर्ड लागला होता. एकतीस तारखेनंतर एक तारीख आली, दोन्ही विषम. तेव्हा दोन दिवस एकाच बाजूला गाड्या लावायच्या की कसं, यावर वाद झाला आणि तो मिटेपर्यंत दोन्ही बाजूंना लावाव्यात असं ठरलं. वाद अजून मिटलेला नाही. बोर्डावर आता हेल्मेटं टांगतात.

आणि एका मंगळवारी त्या गल्लीत रेघ उमटली. पांढरी, फक्कीची, कबड्डीच्या मैदानावर मारतात तशी. फुटपाथच्या जरा बाहेरून, उभ्या गाड्यांच्या पोटाखालून, गल्लीच्या तोंडापासून थेट विहारापर्यंत.

पानठेलेवाल्या कुंदननं ती पाहिली आणि जाहीर केलं की मंत्री येऊन राहिला. रस्त्याच्या कडेला फक्की पडली की मंत्री येतो, हे सांगायला कुंदनची गरज नव्हती. खड्डे बुजोत न बुजोत, फक्की पडते. तासाभरात चर्चा कोणता मंत्री इथून निघून, त्यांना गिला वडा चालेल की तब्येतीचं काही असेल, इथपर्यंत गेली. रेघेच्या आत दिसलेली गाडी उचलून नेणार आहेत, असंही कुंदन म्हणाला. कोण नेणार ते त्यानं सांगितलं नाही, म्हणून सगळ्यांना पटलं. दुपारपर्यंत गाड्या रेघेबाहेर एका ओळीत उभ्या होत्या, आणि एकाच बाजूला. रेघ आणि ओटे यांच्यामध्ये माणसं चालत होती. ऑटोसुद्धा हॉर्न न वाजवता निघून जात होते, आणि ते ऐकून लोक दचकत होते.

केशवरावांना काही पटलं नाही. तीस वर्षं लोकांचे सरकारी अर्ज लिहून दिल्यामुळे त्यांचा सरकारवर आंधळा अविश्वास होता. मंत्र्याची रेघ एक दिवसाची असते. ही रेघ दोन दिवसांनी पुसट झाली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ठळक. म्हणजे कोणीतरी मनावर घेतलं होतं. मनावर घेतलं म्हणजे रुंदीकरण, आणि रुंदीकरण म्हणजे ओटा. त्यातही आधी खालची पायरी, कारण सगळ्यात पुढं तीच होती. ती पायरी मूळ ओट्यात नव्हती. आईला पाय उंच उचलवत नसे म्हणून वडिलांनी ती मागाहून घातली होती. आई जाऊन अकरा वर्षं झाली. पायरीवर त्यानंतर केशवरावांनी कोणाला बसू दिलं नव्हतं.

त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. महिन्याभरानं उत्तर आलं की सदर रेघ कार्यालयाच्या अभिलेखावर आढळून येत नाही. केशवरावांनी ते तीनदा वाचलं आणि त्याची झेरॉक्स काढून ठेवली. नाही म्हणतात, म्हणजे प्रकरण वरपर्यंत गेलेलं होतं.

त्या दिवशी ते टेप घेऊन रेघेच्या कडेकडेनं निघाले. कडुलिंबाखाली शकुन बसली होती. भातकुलीकडून रोज शेवंती-झेंडू घेऊन यायची आणि टोपलं खाली ठेवलं की सूर्य बुडेपर्यंत हलायची नाही. केशवराव तिच्यासमोर उकिडवे बसले. फुलांकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"काय पाहून राहिले, भाऊ?"

"हे रेघ तुह्या टोपल्याले वळसा घालून गेली."

"मंग? टोपल्यावरून नेतीन का?"

"सरकार असतं तं नेली असती."

शकुननं वळशाकडे पाहिलं, मग टोपल्याकडे.

"हे बी खरं हाय," ती म्हणाली आणि टोपलं थोडं स्वतःकडे ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला केशवराव दुकानात जाऊन बसले. शटर हातभर उघडं ठेवलं. फटीतून आधी कॅनव्हासचे बूट दिसले, उलटे चालणारे. मग भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, आणि त्यातून फक्की, एका लयीत. केशवरावांनी शटर वर केलं. शेषराव मास्तर होते. गल्लीच्या तोंडाशी राहणारे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून खेळाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. केशवरावांना पाहून ते दचकले, पण रेघ मोडली नाही. टोकापर्यंत नेली, डबा खाली ठेवला, आणि मग परत आले.

कोणत्या खात्यानं काम दिलं, हा केशवरावांचा पहिला प्रश्न होता. मास्तरांनी वेगळंच सांगितलं. थंडीत त्यांच्या पत्नी इंदूबाई विहारात जाताना गाड्यांच्या मधून वाट काढत होत्या. एका गाडीच्या हँडलमध्ये पदर अडकला, त्या पडल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर आला. पण चार महिने त्या फाटकाबाहेर पडल्या नव्हत्या. मास्तर गाडीवाल्यांपुढं हात जोडायला निघाले, तेव्हा इंदूबाईंनीच अडवलं.

"माह्यासाठी कोणाची गाडी हटवाची नाई म्हणे. उपकाराच्या रस्त्यानं मी जात नाई म्हणे. सरकारनं रस्ता देला तं जाईन."

"मंग?"

"मंग मी सरकार झालो."

केशवरावांनी मास्तरांच्या बुटांकडे पाहिलं. मग विचारलं, "अन् माहा ओटा?"

"तुमच्या ओट्याचं मी काय करू, बाप्पा?"

हे उत्तर केशवरावांना फारच सरळ वाटलं. म्हणून संध्याकाळी ते मुद्दाम स्टूल टाकून बसले. सहाच्या सुमारास इंदूबाई आल्या. वॉकर पुढं, मग एक पाऊल, मग दुसरं. रेघेच्या आतून त्या कोणाकडे न पाहता येत होत्या, स्वतःच्या रस्त्यानं चालावं तशा. केशवरावांच्या दुकानापुढं मात्र रेघ बाहेर फुगली होती, कारण आत पायरी होती. तिथं इंदूबाई थांबल्या. मागून ऑटो येत होता, तो जाऊ दिला. मग वॉकर तिरपा करून रस्त्यावर उतरवला, पायरीला वळसा घातला, पुन्हा आत घेतला. समोरच्या बाजूला मास्तर उगीच चप्पल झटकत उभे होते. इंदूबाईंनी जाताना पायरीकडे पाहिलं. केशवरावांकडे नाही. केशवरावांनी ते लक्षात ठेवलं.

पुढच्या आठवड्यात मास्तर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला, मुलीकडे, नीलमकडे गेले. इंदूबाई सुनेसोबत घरीच राहिल्या. डॉक्टरांनी मास्तरांना दहा दिवस वाकू नका म्हणून सांगितलं होतं. रेघ दोन दिवसांत पुसट झाली. तिसऱ्या दिवशी एका स्कूटरनं पुढचं चाक आत घातलं आणि कोणी काही म्हणतं का याची वाट पाहिली. चौथ्या दिवशी कुंदननं जाहीर केलं की दौरा रद्द. संध्याकाळपर्यंत गल्ली दोन्ही बाजूंनी भरली. इंदूबाई फाटकाशी आल्या, वॉकर बाहेर ठेवला, रस्ता पाहिला आणि वॉकर परत आत घेतला. केशवराव तेव्हा कोणाच्या तरी जातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढत होते. एक प्रत मागितली होती, सात निघाल्या.

सोमवारी पहाटे काय झालं ते झालेलं नाही. पण उजाडलं तेव्हा गल्लीत रेघ होती. केशवरावांच्या दुकानापुढं ती आता बाहेर फुगत नव्हती. आतली जागा मोकळी होती आणि तिथं ओल्या सिमेंटवर पाटी ठेवली होती, 'पाय देऊ नये'. शिवाय दौरा रद्द झालेला नसून पुढं ढकलला आहे, अशी आतली बातमी केशवरावांनी कुंदनला दिली. कुठून कळली, असं कुंदननं विचारलं. केशवराव नुसते इकडंतिकडं पाहत राहिले, आणि कुंदनची खात्री पटली. दुपारी गाड्या निघाल्या.

सिमेंट वाळलं तेव्हा सहा वाजले होते. इंदूबाई आल्या. दुकानापुढं न थांबता, न वळता तीन पावलं सरळ गेल्या आणि मग थांबल्या. आधी खाली, जिथं पायरी नव्हती तिथं पाहिलं. मग मागं वळून रेघेकडे. रेघ कडुलिंबापासून दुकानापर्यंत तीनदा डळमळली होती.

"आज सरकारची रेघ वाकडी हाय, केशवराव."

"नवीन मानूस असन, वहिनी."

"असन. मास्तरायची सरळ असते."

केशवरावांनी हातातला स्टेपलर खाली ठेवला.

"त्यायले सांगू नका," इंदूबाई म्हणाल्या. "मले मालूम नाई असं वाटते त्यायले. पहाटे पाच वाजता उठून इतकं करून राहिले, तं मले चालाच लागते न."

त्यांनी वॉकर पुढं टाकला. विहारापर्यंत मध्ये काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी केशवरावांनी एक अर्ज टाइप केला, दोन प्रतींत, आणि सरकारी कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला. शिक्का मारणाऱ्यानं अर्ज वाचला नाही. प्रत दुकानात फाईलमध्ये आहे.

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय (खाते कोणतेही)

विषय : न ठरलेला दौरा कायम ठेवण्याबाबत

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आमच्या गल्लीतील आपला दौरा, जो ठरलेला नाही, तो कृपया रद्द करण्यात येऊ नये. तसेच तो पार पाडण्यातही येऊ नये. आपण येणार आहात एवढ्यावर सदर गल्लीतील वाहतूक, पार्किंग व पायी चालणारे नागरिक सुरळीत असून, आपण प्रत्यक्ष येऊन गेल्यास परिस्थिती पूर्ववत होण्याची दाट शक्यता आहे. सबब, आपण कायमस्वरूपी येण्याच्या मार्गावर राहावे व तसे या कार्यालयामार्फत लेखी कळवावे, ही नम्र विनंती.