सावकाश शिवायचं ठरलं होतं

घड्याळवाला येणार हे दोन दिवस आधीच कळलं. तो मशीनमागे उभा राहतो, एका कॉलरला किती सेकंद लागतात ते मोजतो आणि तेच सगळ्यांचं टार्गेट होतं. सुपरवायझरनं त्याच्यासाठी माझी मशीन निवडली.

"वन्सं, सावकाश शिवा हं," शेजारच्या मशीनवरून भावजय म्हणाली. गेल्या वर्षी तिच्या अंगठ्यातून सुई आरपार गेली, तेव्हापासून तो वाकत नाही. पाणी प्यायलाही न उठता ती तासाला साठ कॉलर कशाबशा ओढायची. टार्गेट वाढलं की ती घरी.

"अगं, अशी रांगते की त्याला झोप लागेल."

"तुम्ही आणि सावकाश?" काजंवाली ओरडली. "जांभईसुद्धा घाईत देता तुम्ही!"

सगळी लाईन हसली. मी घरी सराव केला. टेबलाच्या कडेवर फडकं सरकवत, मनात आकडे मोजत. हळू काम करायचा सराव!

तो आला. माणूस साधा होता. "ताई, नेहमीसारखंच शिवा."

पहिली कॉलर मी रोखून धरली. दुसरीही. तिसरीला दोरा तुटला, मी ओवला आणि हात सुटले. बावीस वर्षांचे हात. मी आतून थांब थांब म्हणतेय, ते ऐकेनात. भावजय खोकली. पुन्हा खोकली. पाय पेडलवरून उठेना.

त्यानं घड्याळ दाबलं. "वा! काय हात आहे तुमचा!"

आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? बावीस वर्षांत कोणी असं म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तासाला अठ्ठ्याहत्तर लिहिलं. शनिवारी भावजयीला बोलावून घेतलं. परत येऊन तिनं खणातली कात्री पिशवीत टाकली. भांडली असती तर बरं झालं असतं.

"तुमचा काय दोष, वन्सं," एवढंच म्हणाली.

मग कोणाचा? मालकाचं तोंड आम्ही कधी पाहिलं नाही. शिव्या द्यायच्या तर द्यायच्या कुणाला? फळ्याला?

ती दाराबाहेर पडायच्या आत सुपरवायझरनं तिच्या टोपलीत राहिलेल्या अकरा कॉलर माझ्यापुढे ओतल्या.

आठ मिनिटांत झाल्या.