माखोत्सोचं बोट

आमच्या डोंगरात वसंत लागला की धुकं दवाखान्याच्या व्हरांड्यापर्यंत येतं. लेसोथोत सगळीकडे असं नसेल, पण आमच्या उंचीवर माणूस आधी ऐकू येतो, मग दिसतो. त्या सकाळी माखोत्सो (आमच्यात मानानं 'मे', म्हणजे आई, म्हणतात) अशीच धुक्यातून आली, उजवा हात घोंगडीत लपवून. चाळिशीची विधवा, वीस-बावीस मेंढ्या एकटीनं सांभाळणारी.

"सिस्टर लिनेओ, हे बोट माझं राहिलं नाही," असं म्हणून तिनं हात बाहेर काढला.

तर्जनीवर पिकल्या आलुबुखाराएवढी लाल गाठ होती. हात लागला की रक्त यायचं. जिल्ह्याच्या डॉक्टरांना कर्करोगाची शंका होती. बोट काढायचा दिवसही ठरला होता.

मी मेंढरांच्या घरात वाढलेली. गाठीकडे बघता बघता मला आमचा गोठा आठवला.

"मे, यंदा कोकरांची तोंडं आली होती का?"

"मावा होता ना, ओठांवर फोडच फोड. एकाला ओढताच येईना, म्हणून बोट तोंडात घालून दूध पाजलं."

मावा माणसालाही होतो, पण एवढासा. दीड-दोन महिन्यांत आपोआप जातो. अंगात झुंजायची ताकद नसली तरच असा माजतो. मी तिचं कार्ड उघडलं. एचआयव्हीच्या गोळ्या तिनं नियमानं नेल्या होत्या.

"गोळ्या घेतेस ना?"

"डब्यात आहेत."

"आजार डब्याला आहे का?"

ती जराशी हसली. मग खाली बघत म्हणाली, "गोळी घेऊन झोपलं की मोलेफी येतो."

मोलेफी तिचा नवरा, खाणीत वारलेला.

"दारात बसून बूट काढतो. बुटातून पाणी गळतं, थांबतच नाही, आणि त्याच्यामागे डोंगर दुधासारखे पांढरे. बोलत काही नाही. सकाळी उठलं की तो गेल्याचं मला नव्यानं कळतं. रोज रोज विधवा कोण होणार, सिस्टर? चार महिने झाले, सोडल्या गोळ्या."

त्या जुन्या गोळीनं अशी स्वप्नं पडतात, हे मला ठाऊक होतं. मी डॉक्टरांना फोन केला. बोट कापणं थांबलं, गाठीचा तुकडा तपासायला गेला. निघाला मावाच. डॉक्टरांनी एक दिवसाआड लावायला चामखिळीचं मलम दिलं आणि गोळी बदलली.

"हिनं सहसा स्वप्नं पडत नाहीत," मी म्हटलं.

ती पाकीट धरून उभी राहिली. "म्हणजे तो येणार नाही?"

"बहुतेक नाही."

तिनं पाकीट उलटसुलट करून बघितलं. पाकीट परत ठेवते की काय असं मला वाटलं.

"लोकर कातरायची आहे," ती अखेर म्हणाली आणि पाकीट घोंगडीत घातलं.

मलमानं कातडी भाजायची, तेव्हा तिनं मला भरपूर शिव्या घातल्या. पण गाठ आधी द्राक्षाएवढी झाली, मग मसुराएवढी. तीन महिन्यांनी नुसता फिकट व्रण उरला. आता कोकरांना ती हातमोजे घालूनच पाजते.

झोप लागते, पण रिकामी वाटते, असं ती एकदा म्हणाली.