दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

दर वर्षअखेरीला एका संगीत-मासिकाचे संपादक मला फोन करतात आणि जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्त्यांपैकी माझ्या आवडत्या दहांची यादी मागतात. 'आवडत्या' हा शब्द ते इतक्या सहज उच्चारतात, जणू काहीतरी आवडून घ्यायलाच माझा जन्म झालाय. मला वर्षभरात ज्या ज्या गोष्टींचा वीट येतो त्यांची यादी मागितली असती, तर अख्खा अंक मी एकट्याने भरून दिला असता.

यंदाचंच घ्या. एका कंपनीने एक सुंदर जुना अल्बम जांभळ्या पारदर्शक तबकडीवर काढला. दिसायला सरबत आणि ऐकायला तळण. दुसरीने कव्हरवरच्या गायिकेचा फोटो इतका घासूनपुसून उजळला, की बाईंच्या गालावरचा तीळच गेला. तिसरीने पाऊण तासाचं गाणं तीन जाडजूड तबकड्यांवर पसरलं, सोबत चाळीस पानांची गुळगुळीत पुस्तिका दिली आणि त्या पुस्तिकेत व्हायोलिनवाल्याचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी छापलं. आवाज तर सगळ्यांनीच असा चढवलाय, की गाणारा कानाशी येऊन भांडतोय असं वाटावं. आणि हा सगळा कचरा 'मूळ फितीवरून' असं छातीठोकपणे छापून विकायचा. शिसारी येते.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. तीस वर्षं झाली. काचेवरचा केसाएवढा ओरखडा मला हातभर अंतरावरून दिसतो आणि दिसला की माझा दिवस नासतो. तबकड्यांचंही तसंच. घरात चौदाशे आहेत. सगळ्या धुतलेल्या, सगळ्या उभ्या, सगळ्या नव्या पाकिटात. तबकडी नेहमी कडेने धरायची, बोट कुठेही टेकू द्यायचं नाही, हे मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. बायको म्हणते, म्हणूनच घरी कुणी येत नाही.

तर यादीतली नऊ नावं मी नाक मुरडतच भरली. पहिला क्रमांक मात्र आधीच ठरला होता. तो माझ्या मावशीच्या नवऱ्याचा अल्बम होता, काकांनी आयुष्यात काढलेला एकुलता एक. आणि ज्या तबकडीवरून तो नव्याने काढला, ती मी मावशीकडून चोरलेली होती.

'चोरलेली' हे मी आत्ता म्हणतोय. बावीस वर्षं मी 'वाचवलेली' म्हणत होतो.

काका टपाल कार्यालयात पत्रं वेगळी करायचे आणि उरलेल्या वेळात गायचे. एका छोट्या कंपनीने त्यांच्या अल्बमच्या तीनशे प्रती काढल्या आणि पुढच्याच वर्षी गाशा गुंडाळला. काका गेल्यावर घरात राहिलेली शेवटची प्रत मावशी रोज दुपारी शिवणकाम करताना लावायची. तिच्या प्लेअरची पिन इतकी बोथट, की तिने बटण शिवता आलं नसतं. पिन उड्या मारू नये म्हणून दांडीच्या टोकावर मावशीने एक नाणं चिकटवलेलं. तबकडी ती ताटलीसारखी उचलायची, अख्खा अंगठा गाण्यावर. कव्हरवर कपाचे गोल डाग. दर भेटीत मी हे बघायचो आणि मला किळस यायची. हिच्या हातात हे गाणं पाच वर्षंसुद्धा जगणार नाही, असं मनात यायचं. किळस आली की माणसाला आपलंच बरोबर आहे असं वाटायला लागतं. निदान मला तरी वाटतं.

एकदा मी म्हणालो, "मावशी, दे इकडे. स्वच्छ धुऊन आणतो आणि कॅसेटवरही उतरवून देतो." तिने ती उशीच्या अभ्र्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. घरी येऊन मी ती धुतली, चांगल्या पिनेवर लावली आणि दोन ओळींच्या मध्ये काकांनी घेतलेला श्वास मला ऐकू आला. परत द्यायचा विचार तिथेच संपला. रद्दीतली दुसरीच एक तबकडी मी शेगडीवर धरली. कडा वर वळून तिचा वाडगा झाला. मधलं लेबल जाळून काळं केलं आणि ते मावशीला नेऊन दाखवलं.

"शेगडीजवळ राहिली गं. माझंच चुकलं."

मावशी रडली नाही. उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "तू काय मुद्दाम केलंस का? असू दे."

तो वाडगा तिने टाकला नाही. त्याच्या मधल्या भोकावर प्लेअरचं ते नाणं गोंदाने चिकटवलं आणि खाटेशेजारी ठेवला. आधी त्यात बटणं असायची, आता गोळ्यांची पाकिटं असतात. मी तिच्याकडे गेलो की वाडग्याकडे पाठ येईल अशाच खुर्चीत बसतो. मावशीला वाटतं, मला खिडकीतून रस्ता बघायला आवडतो.

मग गेल्या वर्षी, त्या बंद पडलेल्या कंपनीचे हक्क घेतलेल्या लोकांचा मला फोन आला. मूळ फीत बुरशीने गेली होती आणि चांगली प्रत माझ्याकडे असल्याचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. माझं नाव कुठेही छापायचं नाही, या अटीवर मी ती दिली. काकांचं गाणं चार लोकांपर्यंत जावं म्हणून दिली, असं बायकोला सांगितलं. खरं म्हणजे मी किती निगुतीने सांभाळलीय हे कुणीतरी ऐकावं, ही खाज होती.

बायकोला सगळं ठाऊक आहे. ती म्हणाली, "आधी मावशींना ऐकवा."

"ऐकवतो ना, नवी निघाली की."

"नवी नाही म्हणत मी," असं म्हणून ती आत निघून गेली.

काही दिवसांनी त्यांच्या ध्वनिमुद्रकाने मला बोलावून घेतलं. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात एक ओरखडा होता, पिन तिथे अडकून मागच्या ओळीवर जायची. "उडी मी जोडून घेतलीय," तो म्हणाला. "फक्त तीनदा टक वाजतं. तेही काढून टाकतो, दोन मिनिटांचं काम."

माझं डोकं सटकलं. "आज टक काढाल, उद्या श्वास काढाल! धुऊन धुऊन गाण्याचं फडकं करून ठेवलंय तुम्ही लोकांनी. तिथे हात लावायचा नाही."

"अहो, पण आपण मूळ फितीवरून म्हणून छापणार. फितीवर असं टक कसं येईल?"

"ते तुमचं तुम्ही बघा. खोटं तुम्ही छापताय, मी नाही."

हे वाक्य मी बोललो आणि मला काहीच वाटलं नाही. तो बिचारा मुकाट्याने पुढच्या गाण्याकडे वळला. यादीत मी त्या टकटकीवर एक परिच्छेद खर्ची घातला. जखमसुद्धा जपणारी यंदाची एकमेव आवृत्ती, वगैरे. लिहून झाल्यावर दोनदा मोठ्याने वाचूनही पाहिला.

अंक आला आणि तिसऱ्या दिवशी मावशीचा फोन. "अरे बारक्या, तुझ्या यादीत काका पहिले! शेजारच्या मास्तरीणबाईंनी वाचून दाखवलं. मी मागवलीसुद्धा." मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, पण तिच्यासाठी बारक्याच. "माझा प्लेअर तर केव्हाच मेला. तू तुझं मशीन घेऊन रविवारी ये. दुपारीच ये हं, मी दुपारीच ऐकायचे. आणि त्यात ते टकटकीचं काय लिहिलंयस, ते मला नीटसं कळलं नाही."

"काही नाही गं, तांत्रिक असतं," मी म्हणालो.

रविवारपर्यंत मी स्वतःची समजूत घालत राहिलो. जुन्या तबकड्यांवर ओरखडे असायचेच. मावशी एकोणऐंशी वर्षांची, तिला सकाळची गोळी घेतली की नाही हे आठवत नाही.

मावशीने शिलाई मशीनच्या पलीकडचं टेबल कपडे उचलून मोकळं करून ठेवलं होतं. मी माझा प्लेअर मांडला, त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून तो समतोल केला. तिने नवी तबकडी पाकिटातून काढली. आधी हात धुऊन पदराला पुसले, मग दोन्ही तळव्यांत अगदी कडेने धरून माझ्यापुढे केली.

"बघ, कडेने धरलीय. नाहीतर तू ओरडशील."

मी ती घेतली आणि लावली.

पहिली बाजू संपेपर्यंत मावशी डोळे मिटून बसली. काकांचा श्वास आला तेव्हा तिने मान किंचित हलवली, एवढंच. मी बाजू उलटली. दुसरं गाणं संपता संपता ती उठली आणि टेबलाशी येऊन उभी राहिली. तिसरं गाणं सुरू झालं. कडव्याच्या मध्यावर तिने उजव्या हाताची तर्जनी दांडीजवळ नेली.

"मावशी, हात नको लावूस."

तिने लावला नाही. बोट दांडीपासून दोन इंचांवर तसंच थांबलं. मग वाजलं. टक, टक, टक. आणि तिसऱ्या टकला मावशीच्या बोटाने हवेतच एक हलका धक्का दिला. गाणं पुढे गेलं. बोट तिथेच राहिलं.

बाजू संपली. मी पिन उचलली.

"माझी कात्री पडली होती," ती म्हणाली. "काका होते तेव्हा. त्यांनी हे लावलं होतं आणि मला सांगत होते, ऐक, या ओळीत मी चुकलोय. मी ऐकत होते आणि कात्री सुटली हातातून. मग रोज त्या जागी बोटाने ढकलावं लागायचं."

"जुन्या तबकड्यांना असे ओरखडे असतातच गं."

"याच ओळीवर? आणि तीनच?"

खालून कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं. मी प्लेअरच्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी उगाच सारखी केली.

"ती वितळली नव्हती," मावशी म्हणाली.

"नाही."

"तुझ्याकडे आहे."

"आहे." आणि मग मी जे बोललो ते आठवलं की अजून माझा मलाच उबग येतो. मी म्हणालो, "मावशी, तुझी पिन बोथट होती. वर नाणं लावलं होतंस. कव्हरवर चहा सांडायचीस. अगं, मेली असती ती तुझ्याकडे. मी सांभाळली."

"किती वेळा ऐकलीस?"

"वर्षातून दोनदा. झिजू नये म्हणून."

"म्हणजे चव्वेचाळीसदा. एवढी मी दीड महिन्यात ऐकली असती."

ती खाटेकडे गेली. वाडग्यातली गोळ्यांची पाकिटं एकेक करून उशीजवळ काढून ठेवली आणि रिकामा वाडगा घेऊन माझ्यासमोर आली.

"आणि ही कुणाची?"

इथे खोटं बोलायला जागा होती. एखाद्या बऱ्या गायकाचं नाव सांगता आलं असतं. माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं.

"शॉर्टहँडच्या सरावाची," मी म्हणालो. "एक बाई कचेरीतली पत्रं सावकाश वाचून दाखवते."

"मी हिच्यावर हात ठेवून झोपायचे रे," मावशी म्हणाली. "सुरुवातीची दोन-तीन वर्षं तर रोजच."

तिने वाडगा पालथा केला, पुन्हा सुलटा केला, नखाने नाण्याची कड उचकटली. गोंद जुना होता, तिला वेळ लागला. मी मदत करायला हात पुढे केला तर तिने वाडगा बाजूला घेतला. नाणं सुटलं. रिकामा वाडगा तिने माझ्या मांडीवर ठेवला.

"आमची उद्या आणून दे. धुवू नकोस. आणि हे मशीन इथेच राहील."

"आणतो."

मग तिने माझ्या प्लेअरवरची तबकडी उचलली. या वेळी ताटलीसारखी, अख्खा अंगठा गाण्यावर. पहिली बाजू वर करून ठेवली. माझ्या प्लेअरची दांडी मी छोट्या काट्यावर तोलून लावतो, जरासुद्धा जास्त भार पडलेला मला चालत नाही. मावशीने त्या दांडीच्या टोकावर ते गोंद लागलेलं नाणं अंगठ्याने दाबून बसवलं.

"मावशी..."

"काय?"

"काही नाही."

तिने पिन टाकली. धप्प आवाज झाला, मागून खरखर आली आणि काका गायला लागले. मावशी शिलाई मशीनपाशी जाऊन माझ्याकडे पाठ करून बसली आणि सुईत दोरा ओवू लागली. मी मांडीवर वाडगा घेऊन बसून राहिलो, कारण जा असंही ती म्हणाली नव्हती.