दोघांमधला रेझिस्टर

द्वारका चौकाजवळच्या त्या गच्चीवर अँटेनाची तार एकच आणि खाली ऐकणारे भाऊ दोन, अब्बास आणि नौशाद. दोघांनीही आपापला रेडिओ स्वतः जोडलेला. आता भावाच्या रेडिओवर ऐकायचं म्हणजे नाकच कापलं जायचं की! त्यात आज त्यांच्या भाचीची, आफियाची, हॅम रेडिओवरची, म्हणजे हौशी लोक आपापसात बोलतात त्या रेडिओवरची, पहिली हाक होती. ती सुरगाण्याच्या डोंगरावर गेली होती आणि संध्याकाळी पाचला तिथून बोलणार होती. तिच्या अम्मीला, माजिदाला, बाकी काही नको होतं. पोरीची पहिली हाक तेवढी कानावर पडली की झालं.

मामांचे गुण माहीत असल्यामुळे आफियाने एका तारेवर दोन रेडिओ चालवणारा स्प्लिटर साबणाच्या डबीत बनवून ठेवला होता आणि निघण्याआधी अम्मीला उघडून दाखवला होता.

"सिग्नलचे दोन सारखे वाटे करायला खरं तर कित्येक मीटर केबल लागते, अम्मी. इथे तेच काम ही तारेची वेटोळी आणि हे कपॅसिटर करतात."

"आणि मधला हा बारका?"

"तो रेझिस्टर. दोन्हीकडे सारखं आहे तोवर हा नुसता बसून असतो. पण एका रेडिओने दुसऱ्याकडे काही ढकललं, की वेटोळ्यांतून एक लाट जाते, याच्यातून दुसरी उलटी जाते, आणि दोघी एकमेकींना गप्प करतात. हा म्हणजे तूच गं!"

माजिदा तेव्हा पोट धरून हसली होती.

पाच वाजायला आले. दोन्ही रेडिओ आफियाच्या एकाच फ्रिक्वेन्सीवर लावले आणि काय सांगावं, अशी शिट्टी सुटली की कान किटले. एक बंद केला की दुसरा शहाण्यासारखा गप्प. दोन्ही चालू केले की पुन्हा बोंब.

"तुझा बंद कर," अब्बास म्हणाला.

"का म्हणून? तू कर!" नौशाद उसळला.

या दोघांच्या हट्टापायी पोरीची हाक हवेतच विरणार. माजिदाने डबी ओढली, झाकण उघडलं, आणि पाहते तर मधली जागा रिकामी!

"अब्बास, इथला तो कुठाय?"

अब्बास छताकडे बघायला लागला. "सिग्नल सोडून बघितलं ना, आपा. त्याच्यातून काहीच जात नव्हतं. बिनकामाचा पार्ट मी ठेवत नाही, काढून टाकला खिशात."

"बिनकामाचा?" माजिदा कडाडली. "मीही तुमच्यामध्ये नुसती बसूनच असते रे! मलापण टाक खिशात!"

अब्बासने खिशातून रेझिस्टर काढला आणि सोल्डरिंग गन उचलली. डबी हलू नये म्हणून ती नौशादने धरली. टाका बसला आणि शिट्टी गेली, जणू कधी नव्हतीच.

आणि मग दोन्ही रेडिओंतून एकदमच आवाज आला. "सुरगाण्यावरून आफिया बोलतेय. कुणी ऐकतंय का?"

"ऐकतोय ना गं, माझी बाय!" माजिदा रेडिओलाच म्हणाली. डोळे पुसायला पदर पुरेना. शेवटी नाक ओढत ती उठली. "चहा टाकते."

"नको, आपा!" दोघे भाऊ एका सुरात ओरडले. "तू मधेच बस."